मास्कवरचे सात दिवस आणि दारातलं बाळ

‘मी लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. बाळंतपणाची रजा संपवून दोन महिन्यांपूर्वी ड्युटीवर हजर झाले. बाळ सात महिन्यांचं आहे. मास्कच्या बाहेरच्या बाजूवर विषाणू सात दिवस जगतो असं मिस्टरांच्या वाचनात आलं, आणि तेव्हापासून घरात तो नियमच झाला. दाराबाहेर सात खुंट्या ठोकल्या आहेत. सोमवारचा मास्क सोमवारच्या खुंटीवर, तो पुढच्या सोमवारी वापरायचा. युनिफॉर्म रात्रभर जंतुनाशकात भिजतो. डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. बाळ मला दारात बघून दोन्ही हात पुढे करतं आणि मी तोंड फिरवून बाथरूमकडे पळते. हातांना भेगा पडल्या आहेत. मला एकदाच नीट सांगा, गाऊनवर, कपड्यांवर, मास्कवर विषाणू नेमका किती वेळ टिकतो? आणि गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीचं काय करू?’

— एक सिस्टर

सिस्टर, आधी बाळाचं सांगते, मग विषाणूचं. उद्यापासून वॉर्डातच युनिफॉर्म बदला, निघताना हात धुवा, घरी पोचल्यावर पुन्हा एकदा साबणाने हात धुवा आणि बाळाला घ्या. केस रोज धुवायची गरज नाही. मीही अनेक वर्षं इन्फेक्शन कंट्रोलची नर्स होते. तुमची समजूत काढायची म्हणून हे सांगत नाही, ठाऊक आहे म्हणून सांगते. आता कारणं. ती जरा सविस्तर देते, कारण घरी तुम्हाला ती मिस्टरांना समजावून सांगावी लागतील.

सात दिवसांचा आकडा खोटा नाही. हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली कोव्हिडच्या विषाणूवर प्रयोग केला, तो लॅन्सेट मायक्रोब या नियतकालिकात छापून आला. त्यांनी विषाणू ठासून भरलेल्या द्रावाचा पाच मायक्रोलिटरचा थेंब, म्हणजे टाचणीच्या डोक्याहून किंचित मोठा, वेगवेगळ्या वस्तूंवर ठेवला. २२ अंश सेल्सियस तापमान, ६५ टक्के आर्द्रता. कागदावर तीन तासांनंतर जिवंत विषाणू सापडला नाही. कापडावर दुसऱ्या दिवशी नाही. सर्जिकल मास्कच्या आतल्या थरावर चौथ्या दिवशी होता, सातव्या दिवशी नव्हता. बाहेरच्या थरावर मात्र सातव्या दिवशीही सापडला. इथपर्यंत तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे.

पण सातव्या दिवशी तो किती सापडला? सुरुवातीला ठेवला होता त्याच्या सुमारे ०.१ टक्का. आणि तो मिळवला कसा? ती वस्तू अर्धा तास द्रवात भिजवून, त्या द्रवातून. घरात मास्कला कुणी असं भिजवत नाही. फार तर ओझरतं बोट लागतं, आणि कोरड्या पृष्ठभागावरून बोटाला येणारा विषाणू त्याच्या मानाने फारच कमी असतो. अशा भिजवून काढलेल्या आकड्यांवरून सहज स्पर्शाने काय होईल हे ठरवता येत नाही, हे त्या संशोधकांनीच नमूद केलं होतं. बातमीत ‘सात दिवस’ तेवढे राहिले आणि हे वाक्य गळलं.

उद्या मिस्टर आणखी शोधाशोध करतील तर त्यांना याहून मोठा आकडा मिळेल, म्हणून तो मीच सांगते. कॅनडातल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विषाणूत प्रथिनं मिसळली, शरीरातल्या स्रावांसारखी. अशा चिकट मिश्रणात विषाणू सुकला की त्याला एक कवच मिळतं. एन-९५ च्या कापडावर आणि चेहऱ्यापुढच्या प्लास्टिकच्या काचेवर तो २१ दिवसांपर्यंत सापडला. म्हणून आता एकवीस खुंट्या ठोकायच्या का? त्याच प्रयोगात, तेच मिश्रण शुद्ध सुती कापडावर टाकल्यावर २४ तासांच्या आत काहीच सापडेना. एकच विषाणू, एकच प्रयोगशाळा, आणि एका कापडावर तीन आठवडे, दुसऱ्यावर एक दिवससुद्धा नाही. ‘विषाणू नेमका किती वेळ टिकतो’ या तुमच्या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही तो यामुळे.

हा फरक कशामुळे पडतो ते तुम्हाला घरीच बघता येईल. एक नवा सर्जिकल मास्क घ्या आणि त्याच्या बाहेरच्या बाजूवर बोटाने पाण्याचा थेंब ठेवा. तो मण्यासारखा उभा राहतो, मास्क तिरका केला तर घरंगळतो. दुसरा थेंब सुती ओढणीवर ठेवा. क्षणभर तो फुगीर दिसतो, मग धाग्याधाग्यातून पसरतो, कडा पुसट होतात आणि थोड्या वेळाने तिथे थेंब होता हेही कळत नाही. मास्कचा बाहेरचा थर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. त्याने पाणी झटकावं म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. विषाणू त्या उभ्या थेंबात, आणि थेंब आटल्यावर मागे उरणाऱ्या पातळ ओलाव्यात, तग धरून राहतो. सुती कापड तो ओलावा ओढून घेतं, पसरवतं, लवकर सुकवतं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०२१ साली नेमकं हेच भौतिकशास्त्राच्या अंगाने मांडलं होतं. कागद आणि कापडासारख्या सच्छिद्र वस्तूंवर द्रवाचा पातळ थर फार लवकर आटतो, काच, प्लास्टिक आणि स्टीलवर तो रेंगाळतो, आणि विषाणूही त्याच्याबरोबर रेंगाळतो.

यावरून सुती गाऊन चांगला आणि प्लास्टिकचा वाईट असं मात्र समजू नका. उलटी, रक्त, सक्शनचा, म्हणजे नळीने कफ ओढतानाचा, शिंतोडा उडाला की सुती कापड तो ओढून थेट तुमच्या त्वचेपर्यंत नेतं. शिंतोड्यांचं काम असेल तिथे पाणी न शोषणारा गाऊनच हवा. फक्त तो काढताना तुमच्या अंगावर एक प्लास्टिकचा पृष्ठभाग आहे, हे डोक्यात ठेवा. या काढण्यावर पुढे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

त्याआधी प्रमाणाचं बोलू. माझ्या दृष्टीने या विषयावरचा सगळ्यात उपयोगी प्रयोग जुना आहे, २००५ सालचा, सार्सच्या पहिल्या, म्हणजे कोव्हिडच्याच नात्यातल्या, विषाणूवरचा. त्या संशोधकांनी थेंबातलं विषाणूचं प्रमाण बदलत नेलं. थेंब सगळ्यात दाट होता तेव्हा विषाणू एकदा वापरून टाकायच्या गाऊनवर दोन दिवस टिकला आणि सुती गाऊनवर २४ तास. तोच थेंब शंभरपट पातळ केला तेव्हा टाकाऊ गाऊनवर एक तास आणि सुती गाऊनवर पाच मिनिटं. पाच मिनिटं, सिस्टर. कापड तेच, विषाणू तोच. मूल तुमच्या खांद्यावर खोकलं आणि काही बारीक तुषार युनिफॉर्मवर पडले, तर ते त्या दाट थेंबाच्या जवळपासही जात नाहीत. तुम्ही ड्युटी संपवून, बसने किंवा चालत घरी पोचता तोवर त्यांचं बरंचसं काम आटोपलेलं असतं.

विषाणू घड्याळ लावून सातव्या दिवशी मरत नाहीत. ते पहिल्या तासापासून घटत असतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२० साली आलेल्या अभ्यासात प्लास्टिकवर कोव्हिडचा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला, ही ओळ सगळीकडे गाजली. त्याच अभ्यासातली दुसरी ओळ कुणी वाचली नाही: प्लास्टिकवर दर सुमारे सात तासांनी तो निम्मा होत होता. निम्म्याचा निम्मा असं दहा वेळा झालं की हजारातला एक उरतो.

आणखी एक गोंधळ बातम्यांमुळे होतो. डायमंड प्रिन्सेस जहाजावर प्रवासी उतरून गेल्यानंतर १७ दिवसांपर्यंत, जंतुनाशक फवारण्याआधी, खोल्यांमध्ये विषाणूचा आरएनए सापडला होता. आरएनए सापडणं म्हणजे विषाणूचा अवशेष सापडणं. चूल विझल्यावरही राख सापडतेच. तेव्हा कुठलाही मोठा आकडा वाचला की आधी बघा, जिवंत विषाणू वाढवून दाखवला आहे की नुसती आरएनए शोधणारी पीसीआर चाचणी केली आहे.

आता तुमच्या वॉर्डाकडे येऊ, कारण तुमच्याकडे कोव्हिडपेक्षा आरएसव्ही, म्हणजे लहान बाळांच्या छातीला त्रास देणारा सर्दीसारखा विषाणू, आणि फ्लू जास्त असणार, आणि सात महिन्यांच्या बाळाच्या दृष्टीने आरएसव्ही जास्त काळजीचा. कॅरोलिन हॉल या बालरोगतज्ज्ञांनी १९८० साली त्याची मोजणी केली होती. टेबलाच्या पृष्ठभागावर सुमारे सहा तास, रबरी ग्लोव्ह्जवर दीड तास, कापडी गाऊनवर ३० ते ४५ मिनिटं, त्वचेवर २० मिनिटांपर्यंत. फ्लूचा विषाणू १९८२ सालच्या अभ्यासात स्टील आणि प्लास्टिकवर २४ ते ४८ तास राहिला, कापड आणि कागदावर ८ ते १२ तासांच्या आत संपला, आणि हातांवर जेमतेम पाच मिनिटं. पण स्टीलवरून हाताला तो २४ तासांपर्यंत लागू शकत होता. थोडक्यात, कपड्यांपेक्षा कडक, गुळगुळीत वस्तूंकडे लक्ष द्या. तुमचा मोबाइल, पेन, चष्मा, घड्याळ, स्टेथोस्कोप. युनिफॉर्म रात्रभर भिजवणाऱ्या कितीतरी सिस्टर मी पाहिल्यात, ज्या वॉर्डात ग्लोव्ह्ज घालून मोबाइल उचलतात आणि तोच मोबाइल घरी बाळाच्या हातात देतात. ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने तो रोज निघताना पुसा. एवढ्याने तुमच्या सात खुंट्यांहून जास्त काम होईल.

एक अपवाद मात्र गंभीरपणे घ्या. कोरोना, फ्लू, आरएसव्ही या सगळ्यांभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने फाटतं, सुकल्यावर दुबळं होतं. जुलाब-उलट्यांचे रोटा आणि नोरो, आणि ॲडेनो, यांना ते आवरण नसतं. ते चिवट असतात, कोरड्या पृष्ठभागावर दिवसच्या दिवस, कधी आठवडेही राहतात, आणि नोरोवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. जुलाबाचं मूल सांभाळलं असेल त्या दिवशी हात साबण-पाण्यानेच धुवायचे, आणि कपड्यांवर काही सांडलं असेल तर ते कपडे तिथेच बदलायचे. रक्ताच्या डागाचंही तसंच. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. डाग डोळ्यांना दिसतो, त्यामुळे इथे अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आता ते काढण्याचं. एका प्रशिक्षणात आमच्या ग्लोव्ह्जवर आणि गाऊनवर एक चमकणारं लोशन चोळलं होतं. साध्या उजेडात ते दिसत नाही. आम्ही नेहमीसारखं सगळं काढलं, अगदी नीट काढलं असं वाटलं. मग खोलीतले दिवे घालवून अतिनील दिवा लावला. माझ्या डाव्या मनगटावर एक पट्टा चमकत होता, ग्लोव्हची कड जिथे ओढली होती तिथे. आणि मानेवर, गाऊनची गाठ सोडताना जिथे बोटं लागली होती, तिथे चार ठिपके. तेव्हा माझ्या गाठीला बऱ्याच वर्षांची नोकरी होती. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आरशासमोर रिकाम्या हातांनी ग्लोव्ह्ज काढायचा सराव केला. हे माझ्या एकटीचं नव्हतं. अमेरिकेत याच पद्धतीने ४३५ वेळा तपासणी झाली, २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. ४६ टक्के वेळा त्वचेवर किंवा कपड्यांवर डाग सापडले, आणि गाऊनपेक्षा ग्लोव्ह्ज काढताना जास्त. प्रशिक्षण दिल्यावर हे प्रमाण बरंच खाली आलं.

म्हणून तुम्ही घरी जी सारी ताकद लावता आहात ती वॉर्डातल्या शेवटच्या दोन मिनिटांवर लावा. ग्लोव्ह मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरायचा आणि उलटा करत काढायचा. तो दुसऱ्या मुठीत ठेवायचा. मग उघडं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आतून घालून तोही उलटा करायचा, पहिल्याला पोटात घेऊन. हात स्वच्छ करायचे. गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, अंगापासून लांब धरून काढायचा. झटकायचा नाही. पुन्हा हात. मास्क सगळ्यात शेवटी, फक्त पट्ट्यांना धरून, पुढच्या भागाला हात न लावता. पुन्हा हात. घाई असते, सुटायची वेळ झालेली असते, पुढच्या पाळीची सिस्टर ओव्हरसाठी, म्हणजे काम ताब्यात घ्यायला, उभी असते, हे सगळं मला माहीत आहे. तरीही ही दोन मिनिटं कुणाला देऊ नका.

मास्क पुन्हा वापरण्याबद्दल. सर्जिकल मास्क एका पाळीपुरता असतो, ओला झाला तर त्याआधीच बदलायचा. तो घरी आणूच नका, म्हणजे खुंटीचा प्रश्नच मिटतो. खुंटीवर आठवडाभर लटकलेला मास्क विषाणूच्या दृष्टीने बहुधा निरुपद्रवी असतो, पण तोवर त्याच्या घड्या मोडलेल्या, पट्ट्या सैल झालेल्या, आतून तुमच्या घामाने आणि थुंकीने माखलेला. तो तोंडाला नीट बसणार नाही, आणि न बसलेला मास्क बाळाला खऱ्या अर्थाने धोक्यात टाकतो, कारण मग विषाणू तुमच्या नाकात जातो. एन-९५ चा तुटवडा होता तेव्हा २०२० साली अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, तो हवा खेळत्या कागदी पिशवीत किमान पाच दिवस ठेवून आलटून पालटून वापरायला सांगितलं होतं, तेही साधारण पाच वेळांपर्यंतच. ती अडचणीच्या काळातली सोय होती. आणि एन-९५ धुऊ नका, त्यावर सॅनिटायझर फवारू नका. त्याच्या मधल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो, त्यानेच बारीक कण ओढून धरले जातात. साबणाने आणि अल्कोहोलने तो भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो आणि गाळायचं काम मात्र कमी करतो.

युनिफॉर्म कापडी पिशवीतून आणा, न झटकता थेट मशीनमध्ये टाका, साबणाची पावडर आणि ६० अंशांचं पाणी. मशीन नसेल तर गरम पाणी आणि साबण, मग ०.०५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात अर्धा तास, मग खळबळून उन्हात. याहून जास्त काळ भिजवून काही मिळत नाही, उलट त्या वासाने घरातल्या सगळ्यांच्या घशाला त्रास. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही जंतुनाशक कधीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ऊन मात्र भरपूर द्या. प्रयोगशाळेत भर उन्हाळ्यातल्या दुपारच्या उन्हासारखा प्रकाश टाकल्यावर स्टीलवर सुकलेल्या लाळेतला कोव्हिडचा विषाणू दर सात मिनिटांच्या आत ९० टक्के निकामी होत होता.

तुमच्या हातांची मला जास्त काळजी वाटते. भेगा पडलेल्या त्वचेत जंतू ठाण मांडतात आणि हात धुताना चुरचुरतात म्हणून पुढे हात धुणंच टाळलं जातं. हात दिसायला मळलेले नसतील आणि जुलाबाचं मूल नसेल तेव्हा साबणाऐवजी अल्कोहोलचा हँडरब वापरा, तो त्वचेला साबणापेक्षा सौम्य असतो. गरम पाणी टाळा. रात्री जाड मलम लावून सुती हातमोजे घालून झोपा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

हा परिच्छेद मिस्टरांना वाचायला द्या. तुमची भीती प्रेमातून आलेली आहे, पण ती चुकीच्या दारात उभी आहे. सीडीसीने २०२१ साली सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून कोव्हिड होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारणतः दहा हजारात एकापेक्षा कमी आहे. घरात हे आजार बहुतेक वेळा आजारी माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून आणि त्याच्या ओल्या हातांतून येतात. तेव्हा आठवड्याच्या खुंट्या मोजण्यापेक्षा घरात कुणाचं नाक वाहतंय हे बघा, त्यात तुमचंही नाक आलं. ज्याला सर्दी आहे त्याने बाळाजवळ मास्क लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, बाळाच्या तोंडाची पापी घ्यायची नाही. सिस्टरना सर्दी झाली तरी त्यांनी मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजत राहावं, दूध तोडू नये. दोघांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळालाही ती देता येते, बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि ओळखपत्राची फीत. बरं झालं विचारलंत, ती कुणालाच आठवत नाही. ती दिवसभर पाळण्यांवर वाकताना लोंबते, मुलं ती धरतात, तोंडात घालतात, आणि ती आपण आठवडेच्या आठवडे धूत नाही. घरी तर बाळ पहिल्यांदा तीच पकडणार. कार्ड रोज अल्कोहोलच्या वाइपने पुसा, फीत आठवड्यातून दोनदा युनिफॉर्मबरोबर धुवा. वॉर्डात परवानगी असेल तर फीत काढूनच टाका आणि कार्ड खिशाला चिमट्याने लावा. कार्ड आणि फीत दोन्ही घरात शिरायच्या आधी पिशवीत.